शोधनिबंधांच्या यादीपासून संदर्भसूचीपर्यंत : डेटाबेसमधील नोंदी सायटेशन मॅनेजरमध्ये कशा आणायच्या?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर किती जुने आहे? शोधनिबंधांत या प्रश्नाची दोन ठळक उत्तरे सापडतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीवर आधारलेल्या निबंधानुसार सुमारे ५२ हजार वर्षे. २०११ साली ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या, आर्गॉन-आर्गॉन पद्धतीच्या निबंधानुसार सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. फरक दहापटीहून मोठा आहे. आजही अनेक लेखांत ‘पन्नास हजार वर्षांपूर्वी’ असे सहज लिहिलेले दिसते. तो आकडा कोणाचा, कोणत्या सालचा, कोणत्या पद्धतीने काढलेला, याचा उल्लेख नसतो.

संदर्भ देण्याचा हेतू हाच असतो की वाचकाला तुमचे विधान तपासता यावे. पीएचडीचा प्रबंध, एमएस्सीचा प्रकल्प किंवा एखादा अहवाल लिहिताना शंभर-दोनशे निबंधांची माहिती हाताने टिपत बसणे अवघड असते. म्हणून डेटाबेसमध्ये सापडलेल्या नोंदी एकगठ्ठा बाहेर काढून सायटेशन मॅनेजरमध्ये भरतात. काम काही मिनिटांचे आहे, पण चुका शिरतात त्या नेमक्या याच टप्प्यावर. या लेखात लोणारचेच उदाहरण घेऊन ही प्रक्रिया समजून घेऊ.

थोडक्यात

- एक्सपोर्ट म्हणजे निबंध डाउनलोड करणे नव्हे. लेखक, शीर्षक, वर्ष, नियतकालिक, पृष्ठे ही निबंधाची ओळख फाइलमध्ये उतरवणे म्हणजे एक्सपोर्ट.
- शक्य असेल तिथे ‘आरआयएस’ फाइल घ्या. पबमेडमधून ‘एनबिब’ फाइल मिळते.
- प्रत्येक डेटाबेसची फाइल वेगळी ठेवा. शोधशब्द, तारीख आणि निकालांची संख्या लिहून ठेवा.
- नोंदी आत आल्यावर लगेच तपासा. प्रबंध लिहून झाल्यावर तपासणे फार महाग पडते.

सायटेशन मॅनेजर म्हणजे काय?

संदर्भांच्या नोंदी साठवणारे, त्या शोधून देणारे आणि वर्डसारख्या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये हव्या त्या शैलीत संदर्भसूची तयार करून देणारे सॉफ्टवेअर म्हणजे सायटेशन मॅनेजर. ग्रंथालयातील कार्डांचा कप्पा आठवत असेल, तर हा तसाच कप्पा संगणकात आहे असे समजा.

भारतात विद्यार्थ्यांमध्ये झोटेरो आणि मेंडेली ही नावे जास्त ऐकू येतात. झोटेरो मोफत आणि मुक्तस्रोत आहे. २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातून ते सुरू झाले. मेंडेली २०१३ पासून एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीकडे आहे. तेही मोफत वापरता येते. एंडनोट विकत घ्यावे लागते. लाटेकमध्ये लिहिणारे जॅबरेफ वापरतात. या लेखातील पायऱ्या झोटेरोच्या आहेत, पण तत्त्व सगळीकडे तेच आहे.

एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये काय असते?

आरआयएस फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. तिच्यात गूढ असे काही नसते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरांची खूण आणि पुढे माहिती. ‘टीवाय’ म्हणजे नोंदीचा प्रकार, ‘एयू’ म्हणजे लेखक, ‘टीआय’ म्हणजे शीर्षक, ‘पीवाय’ म्हणजे वर्ष आणि ‘ईआर’ म्हणजे नोंद संपली. लेखक चार असतील तर ‘एयू’च्या चार ओळी असतात. सायटेशन मॅनेजर या खुणा वाचतो आणि माहिती योग्य रकान्यात टाकतो. खूण चुकली की माहितीही चुकीच्या रकान्यात जाते.

नेहमी भेटणारे प्रकार चार :

- आरआयएस : जवळजवळ सगळे डेटाबेस देतात आणि सगळे सायटेशन मॅनेजर वाचतात.
- बिबटेक : लाटेकसाठी बनलेला प्रकार. गणित, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्रात रूढ.
- एनबिब : पबमेडचा स्वतःचा प्रकार. झोटेरो आणि एंडनोट तो वाचतात.
- सीएसव्ही : एक्सेलमध्ये उघडणारा तक्ता. वर्षवार निबंध मोजायला उत्तम, पण सायटेशन मॅनेजरसाठी नाही. झोटेरो सीएसव्ही फाइल थेट आत घेत नाही. ‘एक्सपोर्ट केले, पण काही येतच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

एक्सपोर्टच्या आधी : शोध नीट झाला आहे का?

चुकीच्या शोधाचे निकाल कितीही व्यवस्थित एक्सपोर्ट केले तरी यादी चुकीचीच राहते. लोणारच्या बाबतीत पहिला अडथळा नावाचाच आहे. इंग्रजीत ‘लोणार’ आणि चंद्राशी संबंधित ‘ल्युनर’ या शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे. काही शोधयंत्रे टंकनाची चूक समजून शब्द बदलून पाहतात. त्यातच बेसॉल्ट खडकातील आघातविवर म्हणून लोणारची तुलना चंद्रावरील आणि मंगळावरील विवरांशी होते, त्यामुळे लोणारवरील निबंधांत ‘ल्युनर’ हा शब्द खरोखरच येतो. ‘ल्युनर अँड प्लॅनेटरी सायन्स कॉन्फरन्स’ या परिषदेच्या नावातही तो आहे. म्हणून शब्द अवतरणचिन्हांत टाका आणि त्याला सरोवर, विवर, बेसॉल्ट, बुलढाणा अशा अर्थांच्या इंग्रजी शब्दांची जोड द्या.

दुसरा अडथळा जिल्ह्याच्या नावाचा. जुन्या इंग्रजी साहित्यात बुलढाण्याचे स्पेलिंग ‘एच’ नसलेले आढळते, आता ते ‘एच’सह लिहितात. दोन्ही स्पेलिंगे ‘किंवा’ अर्थाच्या ‘ऑर’ने जोडून शोधा.

तिसरा अडथळा आडनावांचा. पबमेडच्या चौकटीत नुसता एक शब्द टाकला तर तो लेखकांच्या नावांत आणि संस्थांच्या पत्त्यांतही शोधला जातो. म्हणून शोध ‘शीर्षक आणि सारांश’ एवढ्यापुरता मर्यादित करा. बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांतून झालेले संशोधन हवे असेल, तर उलट पत्त्याच्या रकान्यातच शोधा.

कोणत्या डेटाबेसमधून कसे काढायचे?

लोणारवरचे संशोधन एका ठिकाणी नाही. खाऱ्या व अल्कधर्मी पाण्यातील जिवाणूंवरचे निबंध पबमेडमध्ये, विवराच्या भूशास्त्रावरचे खगोल-भूविज्ञानाच्या डेटाबेसमध्ये आणि विद्यापीठांतील प्रबंध शोधगंगेवर. एकच डेटाबेस पाहिला तर चित्राचा एकच कोपरा दिसतो.

पबमेड. मोफत आहे. निकालांच्या वर ‘सेंड टू’ आहे. त्यात ‘सायटेशन मॅनेजर’ निवडा. निवडलेल्या नोंदी, या पानावरच्या नोंदी किंवा सगळे निकाल असे पर्याय येतात. एका वेळी १०,००० पर्यंत नोंदी निघतात, म्हणजे लोणारसारख्या विषयाला मर्यादेची चिंता नाही. लोणारच्या पाण्यातून वेगळ्या केलेल्या आणि सरोवराचेच नाव मिळालेल्या ‘सेसेम्बिया लोणारेन्सिस’ या जिवाणूसारख्या शोधांच्या नोंदी इथे मिळतात.

ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम. नासाच्या साहाय्याने चालणारा हा डेटाबेसही मोफत आहे. विवरे आणि उल्का यांवरच्या निबंधांसाठी, विशेषतः परिषदांतील छोट्या सारांशांसाठी तो उपयोगी पडतो. ‘एक्सपोर्ट’मध्ये बिबटेक आणि आरआयएस दोन्ही मिळतात. इथल्या बिबटेकमध्ये काही नियतकालिकांच्या नावाऐवजी लाटेकच्या सांकेतिक खुणा येतात. झोटेरोत आणायचे असेल तर आरआयएस घ्या.

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स. हे वर्गणीचे डेटाबेस आहेत; विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत मिळतात. नोंदी निवडून ‘एक्सपोर्ट’ आणि मग ‘आरआयएस’ एवढेच करायचे. काय काय हवे हे विचारले जाते तेव्हा सारांश, विषयशब्द आणि डीओआय यांवर खूण करायला विसरू नका. वेब ऑफ सायन्समधून आरआयएसच्या एका फाइलमध्ये १,००० नोंदीच निघतात. जास्त असतील तर १ ते १,०००, १,००१ ते २,००० असे हप्ते पाडा आणि फाइलींना तसे क्रमांक द्या.

गूगल स्कॉलर. सगळ्यांत ओळखीचा, पण एकगठ्ठा एक्सपोर्टसाठी सगळ्यांत गैरसोयीचा. सगळे निकाल एकदम बाहेर काढण्याची सोय त्यात नाही आणि एका शोधाचे जास्तीत जास्त १,००० निकालच पाहता येतात. प्रत्येक नोंदीखाली ‘साइट’ दाबून एकेक नोंद घेता येते. किंवा ताऱ्याच्या खुणेने नोंदी ‘माय लायब्ररी’त जमवून तिथून एकत्र काढता येतात. झोटेरोचा ‘कनेक्टर’ ब्राउझरमध्ये बसवला असेल तर पानावरच्या नोंदींवर खुणा करून त्या थेट घेता येतात. मात्र घाईघाईने खूप पाने घेतली तर ‘तुम्ही यंत्रमानव नाही ना?’ अशी तपासणी सुरू होते. इथल्या नोंदींत सारांश येत नाही आणि मूळ माहिती बऱ्याचदा अपुरी असते. म्हणून गूगल स्कॉलर शोधायला वापरा. नोंद मात्र प्रकाशकाच्या पानावरून किंवा डीओआयवरून घ्या.

शोधगंगा. भारतीय विद्यापीठांतील पीएचडी प्रबंधांचे हे भांडार गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र चालवते. बुलढाणा जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो त्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे प्रबंधही इथे पाहावेत. प्रबंध प्रकरणांप्रमाणे वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो. एका प्रकरणाची पीडीएफ झोटेरोत ओढली तर संपूर्ण प्रबंधाची नोंद तयार होत नाही. त्यापेक्षा ‘थिसिस’ प्रकारची नवी नोंद हाताने करा : संशोधकाचे नाव, शीर्षक, विद्यापीठ, वर्ष आणि पानाचा दुवा. मार्गदर्शकाचे नाव लेखकाच्या रकान्यात जाणार नाही एवढे पाहा.

पूर्ण निबंध वाचायचा तर वर्गणीचा प्रश्न येतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके तिच्यात आहेत. ती केंद्र व राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. तुमचे महाविद्यालय तिच्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. नोंद एक्सपोर्ट करण्यासाठी मात्र पूर्ण निबंध हातात असावा लागत नाही.

झोटेरोत नोंदी आणण्याच्या पायऱ्या

१. एक्सपोर्ट केलेल्या फाइलला ओळखता येईल असे नाव द्या : डेटाबेस, विषय, तारीख. ‘डाउनलोड’मध्ये पडलेल्या पाच एकसारख्या नावांच्या फाइली पुढच्या आठवड्यात ओळखता येत नाहीत.
२. झोटेरोत ‘फाइल’ आणि मग ‘इम्पोर्ट’ निवडा, फाइल दाखवा.
३. आलेल्या नोंदी नव्या ‘कलेक्शन’मध्ये ठेवण्याचा पर्याय चालू ठेवा. त्यामुळे कोणती नोंद कोणत्या डेटाबेसमधून आली हे कळत राहते.
४. डेटाबेसने दाखवलेली संख्या आणि आत आलेल्या नोंदींची संख्या जुळते का पाहा. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.
५. एखादाच निबंध हवा असेल तर फाइलची गरज नाही. जादूच्या कांडीसारख्या दिसणाऱ्या बटणावर टिचकी मारून डीओआय, पबमेड क्रमांक किंवा पुस्तकाचा आयएसबीएन टाका. नोंद आपोआप तयार होते.

हमखास होणाऱ्या चुका

संस्थेचे नाव आडनाव बनते. ‘जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया’ हे लेखकाच्या रकान्यात साध्या नावासारखे आले, तर सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव समजते. मग संदर्भसूचीत ‘इंडिया, जी. एस.’ नावाचे कोणी लेखक अवतरतात. नावाशेजारच्या बटणाने दोन रकान्यांचा एक रकाना करा.

दोन शब्दांचे आडनाव तुटते. लोणारच्या भूशास्त्रावर १९१२ साली ला टूश आणि ख्रिस्ती यांचा निबंध जिऑलॉजिकल सर्व्हेच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये आला. ‘ला टूश’ हे पूर्ण आडनाव आहे. नोंदीत ‘ला’ पहिल्या नावात गेला तर हा निबंध सूचीत भलत्याच अक्षराखाली जातो. मराठी नावांतही हा घोळ होतो : नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम एका ठिकाणी, आडनाव आधी असा क्रम दुसऱ्या ठिकाणी. एकाच व्यक्तीचे दोन लेखक होऊ देऊ नका.

पृष्ठे आखडतात. लोणारचे विवर आघाताने बनले, हे मांडणारा फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांचा निबंध १९७३ साली ‘सायन्स’च्या १८०व्या खंडात ८६२ ते ८६४ या पानांवर आला. पबमेडच्या पद्धतीत अशी पृष्ठे ‘८६२-४’ अशी लिहितात. तुमच्या विद्यापीठाच्या शैलीत पूर्ण आकडे हवे असतील तर ते तपासून घ्या.

तिरपी आणि वर चढवलेली अक्षरे बिघडतात. जिवाणूंची शास्त्रीय नावे तिरप्या अक्षरांत हवीत. २०११ च्या वयनिश्चितीच्या निबंधाच्या शीर्षकात आर्गॉनचे ४० आणि ३९ हे आकडे वर चढवलेले आहेत. काही डेटाबेस ही सजावट गाळून टाकतात, काही कोनी कंसांतल्या खुणांसह पाठवतात. त्या खुणा कचरा समजून पुसू नका. झोटेरो त्या ओळखून सूचीत अक्षरे योग्य तशी छापतो. गळाल्या असतील तर हाताने घाला.

प्रकार चुकतो. परिषदेतला एका-दोन पानांचा सारांश ‘नियतकालिकातील लेख’ म्हणून येतो. वाचकाला तो पूर्ण निबंध वाटतो. पुराव्याचे वजन ठरवताना हा फरक महत्त्वाचा असतो.

एकच निबंध दोनदा

तीन डेटाबेसमधून नोंदी आणल्या की काही निबंध दोनदा-तीनदा येणारच. झोटेरोत ‘डुप्लिकेट आयटम्स’ नावाचा विभाग असतो. तो मुख्यतः शीर्षक, डीओआय आणि आयएसबीएन पाहून जोड्या सुचवतो. जोडी पाहून ‘मर्ज’ करा, पण डोळे झाकून नको. लोणारवर एखाद्या गटाने आधी परिषदेत सारांश दिला आणि पुढे त्याच शीर्षकाने निबंध प्रसिद्ध केला, तर त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्या एक केल्या तर वर्ष एकाचे आणि पृष्ठे दुसऱ्याचे असा संदर्भ तयार होऊ शकतो. वयाच्या प्रश्नात साल हेच महत्त्वाचे असते, हे सुरुवातीला पाहिलेच.

उलटही होते. शीर्षक दोन डेटाबेसमध्ये दोन प्रकारे लिहिलेले असेल आणि डीओआय नसेल, तर जोडी सुचवलीच जात नाही. म्हणून यादी एकदा शीर्षकाच्या आणि एकदा लेखकाच्या क्रमाने लावून स्वतः नजर फिरवा.

मराठी आणि जुन्या संदर्भांचे काय?

१९१२ च्या निबंधासारख्या जुन्या साहित्याला डीओआय असेलच असे नाही आणि मराठी पुस्तके, स्मरणिका, वृत्तपत्रांतील लेख या डेटाबेसमध्ये क्वचितच असतात. ते हाताने भरावे लागतात. ‘एक्सपोर्ट होत नाही’ म्हणून ते सूचीतून वगळले, तर सूची सोयीची होते, पण पूर्ण होत नाही. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाच्या घडामोडींचा दिवसवार मागोवा घ्यायचा तर स्थानिक वृत्तपत्रे लागतीलच.

देवनागरी नोंदींसाठी दोन पथ्ये. पहिले, फाइल ‘यूटीएफ-८’ या पद्धतीनेच जतन करा; मधेच दुसऱ्या पद्धतीने जतन केली तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात आणि ती परत येत नाहीत. दुसरे, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधील पीडीएफमधून शीर्षक कॉपी करू नका. पडद्यावर मराठी दिसले तरी चिकटवल्यावर भलतीच अक्षरे येतात. शीर्षक पुन्हा टाइप करणेच बरे.

शोधाची वही ठेवा

प्रत्येक एक्सपोर्टबरोबर पाच गोष्टी लिहा : डेटाबेस, तारीख, शोधशब्द जसेच्या तसे, लावलेल्या चाळण्या आणि निकालांची संख्या. पद्धतशीर आढावा लिहिणाऱ्यांना ‘प्रिझ्मा २०२०’ या मार्गदर्शक सूचनांनुसार ही माहिती द्यावीच लागते. इतरांनाही तिचा उपयोग आहे. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी ‘यानंतर काही नवीन आले का?’ असे विचारले, तर तोच शोध पुन्हा चालवून फक्त नव्या नोंदी घेता येतात.

साठवणुकीचा विचारही करून ठेवा. झोटेरो इंटरनेट नसतानाही संगणकावर चालतो. ऑनलाइन प्रतीसाठी ३०० एमबी जागा मोफत मिळते. ती पीडीएफने भरते, नुसत्या नोंदींनी नाही. नेट अधूनमधून जात असेल तर ग्रंथालयात बसून नोंदी एक्सपोर्ट करा आणि तपासणी घरी करा. महिन्यातून एकदा सगळ्या संग्रहाची आरआयएस फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवा. पुढे सॉफ्टवेअर बदलले तरी ती फाइल दुसरीकडे चालेल.

शेवटची तपासणी

संदर्भसूची छापण्याआधी कोणतेही दहा संदर्भ निवडा आणि ते मूळ निबंधाच्या पहिल्या पानाशी ताडून पाहा : लेखकांची नावे व क्रम, वर्ष, खंड, पृष्ठे. दहांत दोन चुकले असतील तर सगळी सूची तपासावी लागेल. लोणारचे वय ५२ हजार वर्षे लिहा किंवा ५ लाख ७० हजार. त्या आकड्याशेजारचा संदर्भ वाचकाला बरोबर त्या निबंधापाशी नेऊन उभा करतो का, एवढे पाहा. सायटेशन मॅनेजर नोंदी सांभाळतो, सूची मांडतो. नोंद खरी आहे की नाही, हे मात्र आपल्यालाच पाहावे लागते.